‘तेच लोक’ होते का?

मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. एकदा वर्गात ‘मसीहा’ हा शब्द आला. उर्दूत मसीहा म्हणजे दुखण्यावर इलाज करणारा. आपल्या शायरांनी तर प्रेयसीलाही मसीहा करून टाकले आहे! मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मात्र तेलाने अभिषेक झालेला असा आहे. त्याचेच ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’, आणि त्यावरून मराठीतला ख्रिस्त. कुरआनही हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना ‘अल-मसीह’ म्हणते. हे समजावताना मी येशूंच्या यरुशलेम प्रवेशाची ख्रिस्ती परंपरेतली गोष्ट सांगितली. वसईकडचे ख्रिस्ती बांधव ज्या दिवसाला झावळ्यांचा रविवार म्हणतात, त्या दिवसाची ही गोष्ट.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, रविवारी ज्यांनी जयजयकार केला, त्याच लोकांनी शुक्रवारी ‘क्रूसावर खिळा’ म्हटलं? लोक असेच असतात का?”

मी म्हणालो, “हो रे, लोक असेच असतात.” तास संपला. घरी येऊन चारही शुभवर्तमानांतला हा भाग पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आले की मी पोराला चुकीचे उत्तर दिले.

प्रसंग साधारण इसवी सन 30च्या आसपासचा. यहुदिया प्रांत रोमच्या ताब्यात होता आणि पंत पिलात तिथला सुभेदार होता. वल्हांडण सण तोंडावर आला होता. हा सण इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या आठवणीचा. त्यामुळे परक्या सत्तेला याच दिवसांत दंग्याची धास्ती जास्त असे. एरवी समुद्रकाठच्या कैसरियात राहणारा सुभेदार सणाला फौज घेऊन यरुशलेमला येई. गावोगावचे यात्रेकरूही लोटत.

अशा वेळी जैतुनाच्या डोंगरावरून येशू शिंगरावर बसून खाली उतरले. तुमचा राजा नम्रपणे, गाढवावर बसून येईल, असे जखऱ्या संदेष्ट्याने शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. लोकांनी वाटेवर आपली वस्त्रे अंथरली, झाडांच्या फांद्या पसरल्या. खजुरीच्या झावळ्यांचा स्पष्ट उल्लेख एकटा योहान करतो. त्या झावळ्यांनाही इतिहास होता. इसवी सनपूर्व 141 मध्ये सिमोन मक्काबी याने परक्या फौजेच्या हातून यरुशलेमचा गड सोडवला, तेव्हा लोक झावळ्या घेऊनच आत शिरले होते. म्हणजे झावळी ही नुसती शोभा नव्हती, स्वातंत्र्याची खूण होती. लोकांच्या तोंडी असलेल्या ‘होसान्ना’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘आम्हाला वाचव’ असाच आहे.

कोणापासून वाचव? इथेच प्रत्येकाचे उत्तर वेगळे होते. कुणाला रोमला हाकलणारा राजा हवा होता. कुणी लाजरला मेलेल्यातून उठवल्याचे ऐकून बघायला आले होते. काही परुशी म्हणाले, गुरुजी, तुमच्या शिष्यांना गप्प करा. येशूंनी उत्तर दिले की हे गप्प राहिले तर दगड ओरडतील. महायाजक कयफाला वेगळीच काळजी होती. रोमन चिडले तर मंदिर आणि राष्ट्र दोन्ही जाईल, त्यापेक्षा एक माणूस गेलेला बरा, असा त्याचा हिशोब होता. शिष्यांना हा सगळा प्रकार काय आहे ते तेव्हा उमगलेच नाही, असे योहान प्रांजळपणे लिहितो. आणि ज्यांच्यासाठी हा सोहळा चालला होता, ते येशू लूकच्या म्हणण्याप्रमाणे शहर नजरेस पडताच रडले.

आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न. मत्तय सांगतो की मिरवणूक आत आली तेव्हा शहर हादरले आणि विचारू लागले, हा कोण? घोषणा देणाऱ्यांनी उत्तर दिले, हा गालीलातल्या नासरेथचा संदेष्टा. म्हणजे विचारणारे शहरवासी वेगळे आणि घोषणा देणारे, बहुतेक सोबत आलेले यात्रेकरू, वेगळे. पुढे अटकेचा बेत ठरला तेव्हा याजक म्हणतात, सणात नको, लोक दंगा करतील. जनता विरोधात गेली असती तर ही भीती कशाला? अटक झाली ती रात्री, गर्दीच्या नजरेआड. पिलातासमोर ओरडणारा जमाव याजकांनी चिथवलेला होता, हेही मत्तय आणि मार्क नोंदवतात. आणि क्रूसाच्या वाटेवर लोकांचा मोठा समुदाय मागे चालत होता, स्त्रिया ऊर बडवत होत्या, हे लूक सांगतो. रविवारचा जमाव तोच शुक्रवारचा जमाव, असे चौघांपैकी एकही लिहीत नाही.

‘तेच लोक’ हे दोन शब्द आपण नंतर घातले. पुढे त्यांचे ‘ते लोक’ झाले, आणि त्यांची किंमत मोजली ज्यूंनी. 1096 मध्ये पहिल्या क्रुसेडला निघालेल्या टोळ्यांनी वर्म्स आणि माइन्झ या जर्मन शहरांतल्या ज्यूंची कत्तल केली. ख्रिस्ताच्या खुनाचा सूड, हे त्यांचे कारण. हजार वर्षांपूर्वीच्या एका चौकातल्या आरोळीसाठी दूर देशातली लेकरे मारली गेली.

ही चूक दाखवायला आयुष्य खर्च करणारा एक माणूस शिक्षकी पेशातलाच होता. ज्यूल इझाक हा फ्रान्समधला इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांचा लेखक आणि शाळांचा वरिष्ठ निरीक्षक. ज्यू म्हणून त्याची नोकरी गेली, पत्नी आणि मुलगी नाझींनी मारली. त्याच काळात त्याने शुभवर्तमाने ओळ न ओळ वाचून दाखवून दिले की सगळ्या यहुदी लोकांनी येशूंना नाकारले हे त्यात नाहीच. 1960 मध्ये तो पोप तेविसावे जॉन यांना भेटला. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की येशूंच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही, आजच्या ज्यूंवर तर नाहीच. त्याच दस्तऐवजात मुस्लिमांबद्दलही आदराने लिहिले आहे.

क्रूसाच्या घटनेबद्दल मुस्लिमांची श्रद्धा ख्रिस्ती बांधवांपेक्षा वेगळी आहे. ते मतभेद आहेत आणि राहतील. पण कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, ही शिकवण कुरआनात आहे. बापाच्या पापाची शिक्षा मुलाला नाही, असे यहेज्केल संदेष्टाही सांगतो. यावर तरी आपण एकत्र येऊ शकतो.

कुठे काही घडले की आमच्याकडे बघून “तुम्ही लोक” म्हणणारे मला भेटतात. वाईट वाटते. पण त्या दिवशी वर्गात “लोक असेच असतात” म्हणताना मी तरी वेगळे काय केले होते?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला उभे केले आणि सगळ्या वर्गासमोर सांगितले, “बाळा, काल माझं चुकलं. ‘तेच लोक’ असं तिथे लिहिलेलंच नाही.”

तो हसला आणि म्हणाला, “मग सर, जयजयकार करणारे शुक्रवारी कुठे होते?”

काही पळाले होते, काही झोपले होते, काही दुरून बघत होते, आणि काही रडत मागे चालले होते. मी हे चारही फळ्यावर लिहिले आणि मुलांना विचारले, आपण यातले कोण? तास संपेपर्यंत वर्गात कोणी बोलले नाही.