गणवेशाचा खर्च कोणाच्या खिशातून?

कोल्हापुरात १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्‌घाटन झाले आणि चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या लढ्याला यश आले. त्याबरोबर वकिलांच्या वाट्याला एक छोटा खर्चही आला. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार गाऊन केवळ उच्च व सर्वोच्च न्यायालयात सक्तीचा आहे. खालच्या न्यायालयांत काळा कोट आणि पांढरा बँड पुरतो. त्यामुळे सहा जिल्ह्यांतील ज्या वकिलांनी आजवर जिल्हा व तालुका न्यायालयांतच काम केले, त्यांना नव्या बेंचपुढे उभे राहायचे तर गाऊन घेणे आले. वकील कोणाचा नोकर नसतो, तेव्हा हा खर्च त्याचाच, हे ओघाने आले.

नोकरदाराचे गणित मात्र वेगळे आहे. त्याने काय घालायचे हे मालक ठरवतो. पण त्याचे पैसे कोणी द्यायचे, याविषयी नियुक्तिपत्रात बहुधा एक ओळही नसते. दुकानात नव्याने लागलेल्या मुलीला पहिल्या पगारातून दोन ड्रेसचे पैसे वजा झाल्याचे महिनाअखेरीस कळते. सुरक्षारक्षकाकडून टोपी, पट्टा आणि बुटांची ‘अनामत’ आधीच घेतली जाते. अशा तक्रारी नव्या नाहीत. त्यांचे उत्तर कायद्यात आहे, परंतु ते एका जागी नाही.

भट्टीपुढचा पोशाख

सर्वांत स्पष्ट उत्तर कारखान्यांपुरते आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत वितळलेले लोखंड १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असते. ते साच्यात ओतणाऱ्या कामगाराचा चामडी अ‍ॅप्रन, हातमोजे, बूट आणि चेहऱ्यावरील झडप हा नुसता गणवेश नव्हे, ते संरक्षण आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ११४ नुसार, कायद्याने पुरवावयाच्या कोणत्याही साधनाबद्दल कामगाराकडून शुल्क घेता येत नसे. कलम २२ तर आणखी पुढे जाऊन, चालू यंत्राला वंगण घालणाऱ्या किंवा त्याची तपासणी करणाऱ्या कामगाराचे घट्ट बसणारे कपडेही कारखानदारानेच द्यावेत, असे सांगत होते. सैल बाही पट्ट्यात अडकली की हात जातो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. सुरक्षा व आरोग्यासाठी केलेल्या व्यवस्थेबद्दल कर्मचाऱ्यावर कोणताही आकार बसवण्यास नव्या संहितेतही मनाई आहे. म्हणून कंत्राटदार सेफ्टी शूजचे पैसे कापत असेल, तर ‘तो आमचा माणूस नाही’ एवढे म्हणून कारखान्याला हात झटकता येऊ नयेत.

पगाराला हात लावताना

शोरूम, हॉटेल, खासगी रुग्णालये आणि बँका येथील पोशाख जिवासाठी नसून दिसण्यासाठी असतो. येथे कायदा बराचसा अबोल आहे. गणवेश मालकानेच द्यावा, असे सर्व दुकानांना व आस्थापनांना बांधून घालणारे सर्वसाधारण कलम नाही. पगारातून पैसे कापायचे म्हटले की मात्र कायदा आडवा येतो.

वेतन संहिता, २०१९ हीसुद्धा २१ नोव्हेंबर २०२५ पासूनच लागू झाली. पूर्वीचा १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम अखेरच्या काळात दरमहा २४ हजार रुपयांपर्यंतच्या वेतनालाच लागू होता. आता ही मर्यादा उरलेली नाही. संहितेच्या कलम १८ मध्ये वेतनातून कोणत्या कपाती करता येतात, याची यादी आहे. यादीबाहेरची कपात अवैध. गणवेशाचे नाव त्या यादीत नाही. ‘सुविधा व सेवा’ या सदरात तो बसवायचा, तर त्यासाठी शासनाचा आदेश लागतो. शिवाय कामासाठी लागणारी अवजारे व कच्चा माल या सदरात धरता येत नाहीत. तेव्हा नियुक्तिपत्रावर सही घेतली म्हणून कपात आपोआप वैध ठरत नाही.

याच कलमातील एक स्पष्टीकरण फारसे कोणी वाचत नाही. कर्मचाऱ्याने मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला दिलेली कोणतीही रक्कम ही वेतनातील कपातच मानली जाते. म्हणजे पगार पूर्ण दाखवून गणवेशाचे पैसे रोख जमा करून घेतले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती कपातच झाली. अनामतीच्या नावाखाली घेतलेल्या रकमेवरही त्यामुळे प्रश्नचिन्ह उभे राहते.

मालकाच्या बाजूनेही काही तरतुदी आहेत. ताब्यात दिलेली वस्तू निष्काळजीपणाने हरवली वा खराब झाली, तर कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकून घेऊन नुकसानीइतकी रक्कम कापता येते. गणवेश न घालता आल्याबद्दल दंड करायचा, तर ते कृत्य शासनाच्या पूर्वमान्यतेने आधीच जाहीर केलेले असावे लागते आणि एकूण दंड त्या वेतनकाळातील वेतनाच्या तीन टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नाहीत. नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावे लागते. ‘आधी ड्रेस आणून द्या, मग हिशेब’ ही रीत त्यात बसत नाही.

खरी पळवाट वेगळीच आहे. मालक कपडे देत नाही, पैसेही घेत नाही. फक्त ‘काळी पँट, पांढरा शर्ट, काळे बूट घालून या’ असे सांगतो. पैसे बाजारातील दुकानदाराला जातात, मालकाला नाही. त्यामुळे ती कपात ठरत नाही आणि तुटपुंज्या पगाराला मात्र खड्डा पडतो. ब्रिटनमध्ये असा खर्चही किमान वेतनाच्या हिशेबात धरतात. वागामामा या तेथील उपाहारगृह साखळीने कंपनीच्या टॉपवर स्वतःची काळी जीन्स किंवा स्कर्ट घालण्यास कर्मचाऱ्यांना सांगितले होते. त्या खर्चामुळे वेतन किमान पातळीखाली गेले, म्हणून २०१८ मध्ये २,६३० कर्मचाऱ्यांना फरक द्यावा लागला. आपल्याकडे संहितेत इतकी स्पष्ट तरतूद नाही, आणि ती असायला हवी होती.

सरकारही याच वाटेने जाते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी, तर मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी पोशाखाचे निर्देश काढले. कपडे कसे असावेत हे त्यात आले, पण त्यांचा भार कर्मचाऱ्यांच्याच खिशावर राहिला. याउलट गणवेशधारी केंद्रीय कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, पदानुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपये पोशाख भत्ता सुरू झाला. वाहतूक क्षेत्रात १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने चालक-वाहकांना गणवेश देण्याचे नियम करण्याची मुभा राज्याला दिली होती. शिवाय मालक स्वतः कपडे धुऊन देत नसेल तर धुलाई भत्ताही ठरवला होता. खाकी रोज धुवावी लागते, हे त्या कायद्याने ओळखले होते.

कारखान्यात वर्षानुवर्षे दोन जोड कापड मिळत असेल, तर ती वहिवाट एकाएकी बंद करणे हा सेवाशर्तींतील बदल ठरू शकतो. औद्योगिक संबंध संहितेनुसार अशा बदलाची २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

बेकायदा कपातीचा दावा करण्यासाठी पूर्वी १२ महिन्यांची मुदत होती. वेतन संहितेने ती तीन वर्षे केली आहे. प्राधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतात. दाव्यासाठी वेतनचिठ्ठी, बँकेचे पासबुक किंवा पावती हाताशी असावी. वेतनचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे. गणवेशाचे पैसे रोख मागितले आणि पावती मिळत नसेल, तर ते ऑनलाइन द्यावेत, म्हणजे त्याची नोंद राहते.