कवळीमागचे हात : दंत तंत्रज्ञ कसे व्हावे?

दंतवैद्य रुग्णाच्या दातांचे माप घेतात आणि आठ-दहा दिवसांनी कवळी किंवा कॅप बसवून देतात. या दोन भेटींच्या मध्ये जे काम होते ते रुग्णाला कधी दिसत नाही. ते दातांच्या लॅबमध्ये होते आणि ते करणाऱ्यास दंत तंत्रज्ञ म्हणतात. कायद्याच्या भाषेत तो डेंटल मेकॅनिक होय. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने कवळ्या व दंतसाधने तयार करणारा किंवा दुरुस्त करणारा अशी त्याची व्याख्या केली आणि राज्य दंत परिषदेकडे त्याच्या नोंदणीची तरतूद केली. रुग्णाच्या तोंडात हात घालण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.

परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावातून बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला हे क्षेत्र सहसा कोणी सुचवत नाही. दंतवैद्यक म्हटले की बीडीएस, म्हणजे ‘नीट’ परीक्षा आणि इंटर्नशिप धरून पाच वर्षे, एवढेच डोळ्यांसमोर येते. दंत तंत्रज्ञाचा पदविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय घेऊन बारावी झालेल्यांसाठी आहे. दातांची रचना, धातुशास्त्र, उपयोजित रसायनशास्त्र आणि प्रत्यक्ष लॅबकाम यांचा त्यात समावेश होतो.

प्रवेश घेताना एक गोष्ट काटेकोरपणे तपासली पाहिजे. परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबई येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. परंतु दंत महाविद्यालय आहे म्हणजे तेथे तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम चालतोच, असे गृहीत धरू नये. चालत असल्यास त्या अभ्यासक्रमाला स्वतंत्र मान्यता आहे काय, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारावे. सहा महिन्यांत ‘डेंटल टेक्निशियन’ करून देणाऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावता येते. राज्य परिषदेकडील नोंदणीसाठी ते चालत नाही. कर्ज काढून मुलाला शहरात ठेवणाऱ्या कुटुंबाला हा फरक दोन वर्षांनी कळला, तर फार उशीर झालेला असतो.

दुसरी वाट उमेदवारीची. अनेक कारागीर लॅबमध्ये प्लास्टर ओतण्यापासून सुरुवात करून वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतात. त्यांचे कसब खरे असते, पण कागद नसल्याने शासकीय रुग्णालयातील नोकरीचे दार बंदच राहते. जर्मनीत हाच पेशा तीन वर्षांच्या उमेदवारीने शिकवला जातो : लॅबमध्ये विद्यावेतनावर काम, जोडीला व्यवसाय शाळा आणि शेवटी परीक्षा. ब्रिटनमध्ये २००८ पासून तंत्रज्ञाला नोंदणी सक्तीची आहे. हाताने शिकलेल्याला प्रमाणित करण्याची अशी सोय आपल्याकडे रुजली नाही, ही या व्यवसायाची मोठी उणीव आहे.

कामाचे स्वरूप सोनाराच्या ओतकामाशी जुळते. मापावरून प्लास्टरचा साचा तयार होतो, त्यावर मेणाचा दात कोरला जातो, मेण जाळून त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. त्यावर चिनी मातीचे थर चढवून भट्टीत भाजले जातात. शेजारच्या दाताशी रंग जुळवणे हे खरे कसोटीचे काम असते. येथे नजर आणि चिकाटी लागते, पाठांतर उपयोगी पडत नाही. घासकाम आणि साच्याच्या भुकटीतील सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून शिकण्यासाठी लॅब निवडताना धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि मुखपट्टी यांची पाहणी अवश्य करावी.

गेल्या दोन दशकांत संगणकाने हे काम बरेच बदलले. मापाऐवजी स्कॅन, कोरण्याऐवजी पडद्यावरील आरेखन आणि झिर्कोनियाच्या ठोकळ्यातून यंत्राने कापलेली कॅप. हा पदार्थ सुमारे १५०० अंश सेल्सियसला भाजताना पाचव्या हिश्श्याहून अधिक आकसतो, त्यामुळे कॅप मुद्दाम मोठी कापावी लागते. किती मोठी, हे संगणक सांगतो. दात चावताना समोरच्या दाताला नेमका कोठे टेकेल, हे मात्र तंत्रज्ञाला कळावे लागते. त्यामुळे अभ्यासक्रम निवडताना तेथे संगणकीय आरेखनाबरोबर मेणकामही शिकवतात का, हे पाहावे.

२०२३ मध्ये संसदेने १९४८ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला आहे. त्यामुळे अभ्यासक्रमाची मान्यता आणि नोंदणीचे नियम यांची ताजी स्थिती प्रवेशाच्या वर्षी राज्य दंत परिषदेकडून जाणून घ्यावी.