ब्यूरोशिवाय घरी रुग्णसेवेची कामं कशी मिळवाल?

पुण्या-मुंबईत घरी पेशंट सांभाळणाऱ्या बऱ्याच ताई, मावशी, दादा ब्यूरोमार्फत काम घेतात. ब्यूरो काम आणून देतो आणि कमिशन कापतो. थेट काम हवं असेल तर तुमचा स्मार्टफोन उपयोगी पडतो. पण नुसती जाहिरात बघून कुणी आपल्या आजारी आईजवळ अनोळखी माणूस बसवत नाही. काम ओळखीतूनच येतं. ती ओळख पुढे पोहोचवायला फोन वापरायचा.

सुरुवात व्हॉट्सॲप बिझनेसपासून करा. ॲप मोफत आहे. नेहमीच्या व्हॉट्सॲपसोबत एकाच फोनवर चालतं, फक्त नंबर वेगळा लागतो. प्रोफाइलमध्ये ‘सर्व प्रकारची सेवा’ असं मोघम लिहू नका. नेमकं लिहा: आंघोळ, स्पंजिंग, डायपर बदलणं, कूस बदलून देणं, भरवणं, चालताना आधार, दिवसपाळी, १२ तास, कोथरूड, कर्वेनगर, वारजे. इंजेक्शन, सलाइन हे नर्सचं काम. काम मिळावं म्हणून ते यादीत घालू नका, पेशंटच्या जिवाशी खेळ होतो. कॅटलॉगमध्ये १२ आणि २४ तासांचे दर टाकले की प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागत नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. आधीच्या पेशंटच्या घरच्यांना दोन ओळींचा मेसेज लिहून द्यायला सांगा आणि तो त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनाच टाकू द्या. तुम्ही टाकलेली जाहिरात लोक पुढे सरकवतात, शेजारच्या काकूंचा मेसेज वाचतात. ॲपमधला क्यूआर कोड छापून ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे आणि मेडिकलवाल्याकडे ठेवा. पेशंटचा फोटो, नाव, आजार मात्र स्टेटसला कधीच नको.

गूगल बिझनेस प्रोफाइलही मोफत बनतं. तिथे घराचा पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. एकट्या राहणाऱ्या ताईंनी हे नक्की करा. पूर्वीच्या दोन-तीन कुटुंबांकडून रिव्ह्यू मागा. वेबसाइट? मी स्वतः कोड लिहितो, तरी सांगतो, नाही लागत.

कुटुंब आधार मागेल. मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. महाराष्ट्र पोलिसांच्या चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स केला असेल तर ते प्रमाणपत्रही फोनमध्ये ठेवा.

‘ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० वर कळवा. पहिल्यांदा घर बघायला जाताना कुणाला तरी सोबत न्या. ते शक्य नसेल तर घरच्यांना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवा, ८ तासांपर्यंत चालू राहतं.

ब्यूरो नसला की पगार अडला तर मध्ये बोलणारं कुणी नसतं. म्हणून तास, पगाराची तारीख, आठवड्याची सुट्टी, जेवण, जादा तासांचे पैसे हे सगळं कामाआधीच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि समोरून ‘मान्य’ असं उत्तर आल्याशिवाय पहिल्या दिवशी जाऊ नका. तो चॅट डिलीट करू नका.