खमीर आणायला निघालेल्या आजींचं मत



आज मी तुम्हाला फार लांबच्या एका राज्याची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट म्हटलं तरी ती खरी आहे, इतिहासातली आहे. अमेरिकेत वायोमिंग नावाचं राज्य आहे. आकाराने आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडं लहान, पण तिथे माणसं जेमतेम पावणेसहा लाख. डोंगर, माळरान, वारा आणि कडाक्याची थंडी. या आडबाजूच्या मुलखात बायकांना मताचा हक्क मिळाला तो १८६९ साली. अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तो लागू व्हायला १९२० साल उजाडलं. आपल्या मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने बायकांच्या मताला मान्यता दिली १९२१ साली, तीही मालमत्तेची अट ठेवून.

मग शहाण्यासुरत्या, मोठ्या शहरांच्या आधी हा हक्क तिथे कसा पोचला? आणि मिळालेला हक्क टिकला कसा? मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

वायोमिंग तेव्हा सरहद्दीचा मुलूख होता. सरहद्द म्हणजे दोन देशांमधली नव्हे, तर गोऱ्या लोकांची वस्ती जिथे संपत होती ती कड. जमीन रिकामी नव्हती. शोशोनी, अरापाहो अशा आदिवासी जमाती तिथे राहत होत्या. १८६७ मध्ये रेल्वे शायेन गावापर्यंत आली आणि मागोमाग मजूर, सैनिक, खाणकामगार, व्यापारी आले. १८६८ मध्ये सरकारने या भागाचा वेगळा प्रदेश केला. राज्याचा दर्जा नव्हता, आपल्याकडच्या केंद्रशासित प्रदेशासारखंच काहीसं. राज्यपाल राष्ट्राध्यक्ष नेमायचे. लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास आणि बायकांपेक्षा पुरुष कितीतरी पट जास्त.

या प्रदेशाच्या पहिल्याच कायदेमंडळात विल्यम ब्राइट नावाच्या सभासदाने बायकांच्या मताचं विधेयक मांडलं. साउथ पास सिटी या सोन्याच्या खाणीच्या गावात त्याचा दारूचा गुत्ता होता. विधेयक मंजूर झालं. का? काहींना ते न्यायाचं वाटलं. काहींना वाटलं, यामुळे आपल्या मुलखाचं नाव होईल आणि बायका इथे राहायला येतील. काहींना राज्यपालांची फजिती करायची होती. सगळे सभासद एका पक्षाचे होते आणि राज्यपाल कॅम्बेल दुसऱ्या पक्षाचे, ते सही करणार नाहीत असा त्यांचा होरा होता. आणि गुलामीतून सुटलेल्या काळ्या पुरुषांना मत मिळतंय, मग आमच्या गोऱ्या बायकांना का नाही, असं म्हणणारेही होते. म्हणजे हेतू सगळे चांगले नव्हते. पण १० डिसेंबर १८६९ रोजी कॅम्बेल यांनी सही केली. बायकांना मत मिळालं आणि पदावर बसण्याचा हक्कही मिळाला. त्याच अधिवेशनात लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिच्या स्वतःच्या ताब्यात राहील आणि शिक्षक-शिक्षिकांना सारखा पगार मिळेल, असेही कायदे झाले.

आता बायकांनी काय केलं ते ऐका. फेब्रुवारी १८७० मध्ये साउथ पास सिटीत एस्थर मॉरिस यांची जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे गावपातळीवरच्या न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. अमेरिकेत अशा पदावर बसलेल्या त्या पहिल्या बाई. साडेआठ महिने त्यांनी खाणीवरच्या भांडखोर गावाचे तंटे ऐकले. मार्चमध्ये लारामी गावात बायका ज्युरीवर, म्हणजे खटल्यात निवाडा देणाऱ्या पंचांमध्ये बसल्या. वर्तमानपत्रांनी त्यांची चित्रं काढून टवाळी केली. पण रविवारी गुत्ते बंद ठेवण्याचा कायदा आधीपासून होता आणि तो कोणी पाळत नव्हतं, त्यावर या पंच बायकांनी बोट ठेवलं. दारूचं दुखणं तिथेही होतंच.

मग आला ६ सप्टेंबर १८७०, मतदानाचा दिवस. लारामीत ६९ वर्षांच्या लुइसा स्वेन सकाळीच घरातून निघाल्या. पाव फुगवायचं खमीर आणायला हातात छोटी बादली घेतली होती, असं सांगतात. वाटेत मतदानाची जागा लागली. आत गेल्या, मत दिलं आणि पुढे खमीर आणायला गेल्या. त्या कायद्याने मत देणाऱ्या त्या पहिल्या बाई.

पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, कायदेमंडळाने हा हक्क काढून घ्यायचं ठरवलं. बायकांची मतं आपल्या विरोधकांना गेली, असा सभासदांचा राग होता. कॅम्बेल यांनी नकार दिला. तो नकार मोडून काढायला सभासदांना एक मत कमी पडलं. फक्त एक.

पण ज्युरीचं काय झालं? नवीन न्यायाधीश आले, त्यांनी बायकांना बोलावणं बंद केलं. बायका पुन्हा ज्युरीवर बसल्या १९५० मध्ये. मधली जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. मत दर निवडणुकीला वापरलं गेलं, ते लोकांच्या अंगवळणी पडलं. ज्युरीचा हक्क वापरातून गेला आणि गेलाच.

१८८९ साल तर मला विसरता येत नाही. एला वॉटसन नावाच्या बाईने आधी खानावळीत स्वयंपाकाचं काम केलं होतं. सरकारी कायद्याप्रमाणे तिने १६० एकर जमिनीवर आपला दावा नोंदवला, थोडी जनावरं घेतली, त्यांच्यावर मारायचा स्वतःचा डाग नोंदवून घेतला. आजूबाजूच्या बड्या पशुपालकांना ती जमीन, ते पाणी आपल्या गुरांना मोकळं हवं होतं. २० जुलै १८८९ रोजी त्यांच्यातल्या सहा जणांनी एला आणि तिचा जोडीदार जिम ॲव्हरेल यांना पकडून फासावर लटकवलं. साक्षीदार एकेक करून नाहीसे झाले. शिक्षा कोणालाही झाली नाही. उलट वर्तमानपत्रांनी तिलाच गुरं चोरणारी, बदफैली ठरवलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शायेनला राज्यघटना लिहायला माणसं जमली. स्त्री म्हणून कोणाचंही मत नाकारलं जाणार नाही, असं त्यांनी घटनेत लिहिलं. वॉशिंग्टनच्या संसदेत यावरून वाद झाला, तरी त्यांनी ते कलम काढलं नाही. जुलै १८९० मध्ये वायोमिंग राज्य झालं. त्याला समतेचं राज्य म्हणतात ते यामुळे.

दोन्ही गोष्टी एकाच मुलखातल्या आणि दोन महिन्यांच्या अंतरातल्या. एलाकडे मत होतं, जमिनीचा कागद होता. पण ती अडचणीत आली तेव्हा तिच्या मागे उभं राहणारी ताकद गावात नव्हती. आणि समता सगळ्यांसाठी नव्हतीच. १८८५ मध्ये रॉक स्प्रिंग्ज इथे २८ चिनी खाणकामगारांना गोऱ्या कामगारांनी ठार मारलं, तिथेही कोणाला शिक्षा नाही. आदिवासींना सरसकट नागरिकत्व मिळालं १९२४ मध्ये.

त्याच १९२४ मध्ये नेली टेलो रॉस तिथल्या राज्यपाल म्हणून निवडून आल्या, अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यात निवडून येऊन राज्यपालपदावर बसलेल्या पहिल्या बाई. पण १९२६ ची निवडणूक त्या हरल्या आणि त्यानंतर आजवर वायोमिंगला दुसरी बाई राज्यपाल मिळालेली नाही. पहिला नंबर एकदा लागला म्हणून पुढचं आपोआप होत नाही.

हे सगळं वाचताना मला आपल्या ग्रामपंचायती आठवत होत्या. आपल्यालाही १९९३ मध्ये एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ मध्ये निम्म्या झाल्या. त्या देताना वरच्या सभागृहांत हात वर करणारे बहुतेक पुरुषच होते, आणि प्रत्येकाच्या मनात काय होतं कोण जाणे. ते शोधण्यात वेळ घालवू नये. हक्क कोणत्या कारणाने मिळाला हे आपल्या हातात नव्हतं. सरपंच ताईंच्या खुर्चीत त्यांचे मालक बसू लागले, ग्रामसभेआधीची महिला सभा नुसती सह्यांची वही फिरवून आटोपली, तर मात्र तो ज्युरीच्या वाटेने जाईल. ते आपल्या हातात आहे. आणि गटातल्या एखादीच्या जमिनीवर, घरावर कोणी डोळा ठेवला, तर तिला एकटीला तहसील कचेरीत पाठवू नका. दहा जणी सोबत जा.

पुढच्या ग्रामसभेच्या दिवशी घरात पीठ संपलं असेल, तर दळणाचा डबा घेऊनच या. आधी सभेत बोलू, मग गिरणीवर जाऊ.