मस्टँग की कॅमारो? ट्रॅकवर उतरणाऱ्या हौशी चालकापुढचा पेच

फोर्डची मस्टँग श्रेष्ठ की शेवरोलेची कॅमारो, हा अमेरिकेतील मोटारशौकिनांचा जवळपास साठ वर्षे जुना वाद आहे. एरवी तो गप्पांचा विषय. मात्र स्वतःची गाडी घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर उतरू पाहणाऱ्या हौशी चालकासाठी तो पैशाचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी अभियंत्यांपैकी ज्यांना वेगाची आवड आहे, त्यांनाही हा पेच कधी ना कधी पडतोच. भारतात मात्र तशी निवडच नव्हती. मस्टँग जीटी २०१६ मध्ये येथे आली, तीही केवळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह. कॅमारो अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे

‘ट्रॅक डे’ म्हणजे ठरावीक शुल्क भरून, देखरेखीखाली, बंदिस्त ट्रॅकवर आपली नेहमीची गाडी वेगाने चालवण्याचा दिवस. येथे बक्षीस नसते आणि क्रमांकही काढले जात नाहीत. १९४४ मध्ये स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन यांसारख्या संस्था आणि अनेक स्थानिक क्लब असे उपक्रम भरवतात. दिवसभरात साधारणपणे वीस ते पंचवीस मिनिटांच्या काही फेऱ्या मिळतात. अनेक ठिकाणी नवशिक्याच्या शेजारी प्रशिक्षक बसतो. पुढच्या गाडीने हाताने इशारा केल्याशिवाय तिला मागे टाकता येत नाही, आणि नवशिक्यांच्या गटात तेही ठरावीक सरळ पट्ट्यांवरच. हेल्मेट मोटारशर्यतींसाठीच्या ‘स्नेल एसए’ मानकाचे लागते. मोटारसायकलचे हेल्मेट बहुतेक आयोजकांना चालत नाही.

दोन घराण्यांची स्पर्धा

मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली. तिच्या अफाट खपाला उत्तर म्हणून जनरल मोटर्सने १९६६ च्या सप्टेंबरमध्ये कॅमारो बाजारात आणली. ट्रान्स-अॅम शर्यतमालिकेच्या मोठ्या इंजिनांच्या गटात १९६६ आणि १९६७ ची उत्पादक विजेतेपदे फोर्डने मिळवली. १९६८ आणि १९६९ मध्ये मार्क डॉनाह्यूच्या कॅमारोने शेवरोलेला विजेतेपद मिळवून दिले, तर १९७० मध्ये मस्टँगच्या बळावर फोर्डने ते परत घेतले. त्यामुळे ट्रॅकचा वारसा दोघींकडेही आहे.

आज हौशी चालकापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: २०१५ नंतरची मस्टँग जीटी आणि २०१६ च्या मॉडेलपासूनची कॅमारो एसएस. मस्टँगला २०१५ मध्ये मागील चाकांसाठी स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले आणि जुना सलग अॅक्सल गेला. वळणातील खाचखळग्यांवर मागची बाजू उसळण्याची तक्रार त्याने बरीच कमी झाली. सहाव्या पिढीच्या कॅमारोने कॅडिलॅकच्या एटीएस या गाडीचा हलका सांगाडा घेतला आणि वळणांवर ती अधिक चपळ झाली.

अश्वशक्तीने निकाल लागत नाही

कागदावर दोघींत फारसे अंतर नाही. २०१८ ते २०२१ दरम्यानच्या मस्टँग जीटीचे ५ लिटरचे व्ही-८ इंजिन ४६० अश्वशक्ती देते, तर कॅमारो एसएसचे ६.२ लिटरचे व्ही-८ इंजिन ४५५. वजनेही साधारण सारखी, १,७०० किलोच्या आतबाहेर. फरक आहे तो स्वभावात. मस्टँगचे इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांच्या आसपास रंगात येते. कॅमारोचे इंजिन कमी फेऱ्यांवरच जोर लावते. मस्टँगच्या ५६९ न्यूटन मीटर टॉर्कच्या तुलनेत तिचा टॉर्क ६१७ न्यूटन मीटर आहे. वळणातून बाहेर पडताना गिअर बदलण्याची गरज त्यामुळे कमी भासते. मात्र नवशिक्याने अॅक्सिलरेटर घाईने दाबला, तर हाच जोर मागची चाके घसरवतो.

खरा शत्रू उष्णता

ट्रॅकवर गाडीचा कस लागतो तो वेग घेताना नव्हे, तर वेग कमी करताना. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. चालकासह सुमारे साडेसतराशे किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणताना ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते, ती सहा-सात लिटर थंड पाणी उकळी येईपर्यंत तापवू शकेल. विस्कॉन्सिनमधील साडेसहा किलोमीटर लांबीच्या रोड अमेरिका ट्रॅकवर तीन लांब सरळ पट्टे आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी असाच जोरदार ब्रेक दाबावा लागतो. हे वीस मिनिटे सतत चालते.

डॉट-४ प्रतीचे ब्रेक ऑइल ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. हवेतील ओलावा शोषून जुने झालेल्या ऑइलसाठी मात्र हीच मर्यादा १५५ अंशांवर घसरते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात, पॅडल तळाशी जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणूनच अश्वशक्तीचे आकडे ताडून पाहण्याआधी ब्रेक आणि कूलर तपासावेत.

या कसोटीवर कॅमारोचा ‘एसएस १एलई’ हा प्रकार सरस ठरतो. २०१७ च्या मॉडेलपासून मिळू लागलेल्या या गाडीत इंजिन ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या तिन्हींसाठी कूलर, पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक, चुंबकीय शॉक अॅब्सॉर्बर आणि रुंद गुडइयर टायर कारखान्यातूनच बसवून येत. ताजे ब्रेक ऑइल आणि योग्य ब्रेक पॅड एवढ्या तयारीवर ती ट्रॅकवर नेता येते.

मस्टँग जीटीबाबत मात्र नेमका कोणता प्रकार आहे हे पाहावे लागते. ‘परफॉर्मन्स पॅकेज’ असलेल्या गाडीला सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक आणि ३८० मिलिमीटर व्यासाच्या डिस्क मिळतात. साध्या जीटीला त्या मिळत नाहीत. २०२१ ते २०२३ मधील मॅक १ आणि २०२४ च्या मॉडेलपासूनची ५०० अश्वशक्तीची डार्क हॉर्स हे प्रकार ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवूनच घडवले आहेत, मात्र त्यांची किंमतही त्याच प्रमाणात अधिक आहे.

थंड ठेवण्याची व्यवस्था किती निर्णायक असते, हे शेल्बी जीटी ३५० ने दाखवून दिले. ५२६ अश्वशक्तीच्या या मस्टँगच्या २०१६ मधील काही प्रकारांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलसाठी कूलर नव्हते. ट्रॅकवर तापमान वाढले की गाडीचा संगणक इंजिनाची ताकद उतरवत असल्याची तक्रार घेऊन काही ग्राहक २०१७ मध्ये न्यायालयात गेले. २०१७ च्या मॉडेलपासून हे कूलर सर्वच जीटी ३५० मध्ये देण्यात आले.

दृष्टी, आसन आणि रोजचा वापर

कॅमारोची सर्वांत मोठी उणीव तिच्या खिडक्या. छप्पर खाली, दरवाजे उंच आणि मागची काच चिंचोळी. हेल्मेट घातल्यावर मान वळवून बाजूचे पाहणे आणखी अवघड होते. मस्टँगमधून बाहेरचे अधिक मोकळे दिसते आणि डिकीत सामान ठेवणेही सोयीचे जाते. उंच चालकाने हेल्मेट घालून आसनावर बसून पाहिल्याशिवाय कोणतीच गाडी घेऊ नये. सनरूफमुळे डोक्यावरची जागा कमी होते, हेही ध्यानात ठेवावे. उघड्या छपराच्या गाड्यांना रोल बार नसल्यास अनेक आयोजक ट्रॅकवर प्रवेश देत नाहीत.

१एलईचे टायर कोरड्या ट्रॅकवर उत्तम पकड देतात. मात्र ते लवकर झिजतात, पावसात धोक्याचे ठरतात आणि कडाक्याच्या थंडीत वापरायचे नसतात. मिशिगनसारख्या राज्यात तीच गाडी वर्षभर कामावर न्यायची असेल, तर हिवाळ्यासाठी टायरचा दुसरा संच घ्यावाच लागतो. आवाजाचाही विचार हवा. कॅलिफोर्नियातील लागुना सेका ट्रॅकवर आवाजाची मर्यादा काटेकोरपणे मोजली जाते. हौसेने बदललेला मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट तेथे गाडीला ट्रॅकबाहेर काढण्यास पुरेसा होतो.

खर्चाचा हिशेब

गाडीची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता. टायर, पॅड, डिस्क, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल आणि प्रवेशशुल्क यांचा खर्च दर खेपेला होतच राहतो, आणि गाडी जितकी जड तितका तो वाढतो. अमेरिकेतील नेहमीची वाहन विमा पॉलिसी ट्रॅकवरील अपघात बहुधा भरून देत नाही. त्यासाठी एका दिवसापुरता वेगळा विमा मिळतो, तो घ्यावा. वॉरंटीच्या पुस्तिकेतील ट्रॅकविषयीचे कलम खरेदीपूर्वीच वाचावे.

कॅमारोचे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबले. त्यामुळे आता जी मिळेल ती वापरलेली किंवा दुकानात उरलेली. वापरलेली गाडी पाहताना ब्रेक डिस्कवर उष्णतेच्या भेगा आहेत का, टायरच्या कडा एकाच बाजूने झिजल्या आहेत का, ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे विचारावे. मस्टँग मात्र सातव्या पिढीत पोहोचली आहे. तिचे सुटे भाग आणि तिच्यासाठी अन्य कंपन्यांनी बनवलेले ट्रॅकचे साहित्य विपुल आहे.

मग कोणती घ्यावी?

वर्षातून पाच-सहा वेळा ट्रॅकवर जायचे, गाडीत फारसे बदल करायचे नाहीत आणि घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, अशा चालकासाठी नीट राखलेली कॅमारो एसएस १एलई हा उजवा पर्याय होय. एकच गाडी कामावरही न्यायची, कुटुंबालाही बसवायचे आणि ट्रॅकची हौस हळूहळू वाढवायची असेल, तर परफॉर्मन्स पॅकेजची मस्टँग जीटी घ्यावी आणि आधी पॅड, ब्रेक ऑइल, मग टायर व कूलर या क्रमाने तिची तयारी करावी. साधी जीटी किंवा साधी एसएस घेऊन उरलेल्या पैशांत इंजिनाची ताकद वाढवणे, हा मार्ग मात्र टाळलेलाच बरा. कारण वाढलेला वेग आवरण्याचे काम अखेर त्याच जुन्या ब्रेकला करावे लागते.

पहिल्या वर्षी तर दोन्ही गाड्यांमधील फरक चालकाच्या हाती येतच नाही. कोठे ब्रेक दाबावा, नजर कोठे ठेवावी, स्टिअरिंग किती हळुवार फिरवावे, हे शिकण्यातच ते सरते. त्यामुळे गाडीच्या किमतीतून थोडी रक्कम वाचवून ती प्रशिक्षकासोबतच्या आणखी दोन-तीन ट्रॅक दिवसांवर खर्च करणे, हा दोन्ही पक्षांच्या चाहत्यांना सारखाच लागू पडणारा सल्ला आहे.