ओहायोचा हद्दपार उमेदवार

आपल्याकडे राज्यपाल दिल्लीहून नेमून येतो. अमेरिकेत गव्हर्नर लोकच निवडतात, आणि यादवी युद्धाच्या काळात पलटणी उभारणे, त्यांचे अधिकारी नेमणे ही कामे त्याच्याकडे होती. त्यामुळे १८६३ साली ओहायोत गव्हर्नर कोण, असे विचारणे म्हणजे लढाई चालू ठेवायची का, असेच विचारणे होते. राज्याची निवडणूक राज्याच्या कायद्याने होई. ती पुढे ढकलणे लिंकनच्या हाती नव्हते. (ब्रिटनने मात्र १९३५ नंतरची सार्वत्रिक निवडणूक महायुद्धापायी १९४५ पर्यंत लांबवली.)

डेमोक्रॅटांचा उमेदवार होता क्लेमेंट व्हॅलँडिगहॅम. युद्धविरोधी भाषणापायी मे महिन्यात जनरल बर्नसाइडच्या शिपायांनी रात्री दारे फोडून त्याला डेटनच्या घरातून उचलले. लष्करी न्यायमंडळाने कैद सुनावली; लिंकनने ती बदलून त्याला दक्षिणेच्या हद्दीत नेऊन सोडले. जूनमध्ये पक्षाने त्यालाच तिकीट दिले, आणि बर्म्युडामार्गे कॅनडा गाठून त्याने तिथून निवडणूक लढवली. समोर जॉन ब्रफ, जुना डेमोक्रॅट पण युद्धाचा पाठीराखा. १३ ऑक्टोबरला ब्रफ लाखभर मतांनी जिंकला.

उमेदवाराला राज्यात पाऊल टाकता येत नाही, मग ही निवडणूक कसली? आक्षेप खरा आहे. सैनिकांनी छावण्यांमधून केलेल्या मतदानाला तर तो अधिकच लागू पडतो. तेव्हा गुप्त मतदान नव्हते. पक्षाने छापलेली चिठ्ठी मतदार उघडपणे देई. अधिकाऱ्यांच्या नजरेखाली व्हॅलँडिगहॅमची चिठ्ठी पुढे करायला छाती लागत असणार. सैनिकांची एक्केचाळीस हजारांवर मते ब्रफला पडली, व्हॅलँडिगहॅमला जेमतेम २,३००. पण सैनिकांची सगळी मते वजा केली तरी ब्रफ साठ हजारांहून अधिक मतांनी पुढेच राहतो. म्हणजे निकाल छावण्यांनी फिरवलेला नाही. मला तर विजेत्याच्या आकड्यापेक्षा हरलेल्याचा आकडा बोलका वाटतो. सरकारने देशद्रोही ठरवून हाकललेल्या माणसाची चिठ्ठी १,८७,००० लोकांनी उघड हातात धरली, आणि ती मते मोजली गेली. निवडणूक निर्मळ नव्हती, पण खोटीही नव्हती.

त्याच दिवशी पेनसिल्व्हेनियात वेगळाच पेच होता. रणभूमीवरून मतदान घटनाबाह्य, असा निकाल १८६२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. तो लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज वुडवर्ड आता गव्हर्नरपदाचे उमेदवार होते! सैनिकांना मत द्यायचे तर रजा काढून घरी यावे लागे. वुडवर्ड हरले, पण अवघ्या पंधरा हजारांच्या आसपास मतांनी.

जून १८६४ मध्ये व्हॅलँडिगहॅम बिनपरवाना ओहायोत परतला. सरकारने त्याला हात लावला नाही. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात तो पक्षाच्या जाहीरनाम्यातले तहाचे कलम लिहीत होता.