पानशेतची रात्र आणि पुण्याची सकाळ

पुण्याच्या लोकांना मुठा नदीचें भय असें फारसें कधीं वाटलें नव्हतें. आषाढ-श्रावणांत नदीला पाणी चढावें, ओंकारेश्वराच्या पायऱ्या बुडाव्या, पेठांतील लहानथोर मंडळींनीं छत्र्या घेऊन लकडी पुलावर किंवा नव्या पुलावर जावें व तें तांबडें पाणी पाहून यावें, एखाद्या सुवासिनीनें खणानारळानें नदीची ओटी भरावी, आणि दोन दिवसांनीं पाणी उतरावें, असा तो परिपाठ होता. पूर ही भिण्याची नव्हे, पाहण्याची वस्तु होती.

या निर्धास्तपणाला कारणहि होतें. शहरापासून दहा-बारा मैलांवर खडकवासल्याचें दगडी धरण इ. स. १८७९ मध्यें पुरें झालें. कॅप्टन फाइफ या इंजिनियराच्या नांवावरून त्याच्या जलाशयास लेक फाइफ म्हणत असत. त्या धरणाच्या उजव्या कालव्यानें पुण्याची तहान भागविली, हवेली-दौंडकडील शेतें पिकविलीं, आणि ऐंशीवर पावसाळे त्यानें निमूटपणें सोसले. ज्यांच्या आजोबांनीं तें धरण उभें पाहिलें त्या नातवांना तें डोंगरासारखेंच वाटावें, यांत नवल कसलें?

या खडकवासल्याच्या वर, मुठेस मिळणाऱ्या आंबी नदीवर, पानशेत येथें मातीचें नवें धरण बांधण्यास १९५७ सालीं आरंभ झाला. तें १९६२ मध्यें पुरें व्हावयाचें होतें. परंतु १९६१ च्या पावसाळ्यांतच त्यांत पाणी सांठवूं दिलें गेलें. मातीचा नवा भराव कांहीं काळ आपल्याच भारानें खालीं बसत असतो. त्याच्यावर पाण्याचा दाब टाकावयाचा तो हळूहळू टाकावा लागतो, आणि पाणी भलतेंच चढूं लागलें तर तें सोडून देण्याची वाट आपल्या ताब्यांत असावी लागते. पानशेतला या दोन्ही गोष्टी साधल्या नाहींत. १८ जून ते १२ जुलै या पंचवीस दिवसांत तेथें सुमारें ७० इंच पाऊस पडला. जलाशयाची पातळी बारा दिवसांत ऐंशी फुटांच्या आसपास वाढली. धरणाच्या तळांतून पाणी बाहेर नेणारा जो काँक्रीटचा मार्ग होता, त्यांत लोखंडी सळयांची जोड नव्हती; आणि त्याचे दरवाजे हवे तसे उघडावे-मिटावे अशी व्यवस्था पुरी झालेली नव्हती. त्या मार्गांतून पाणी धडका देत, उसळ्या घेत जाऊं लागलें. मार्ग आंतून ढासळला, आणि त्याच्या डोक्यावरचा भराव खचूं लागला. पाणी धरणाच्या माथ्यावरून गेलें म्हणून धरण फुटलें असें नव्हे. माथाच पाण्याकडे खालीं आला. अडीच तासांत तो साडेचार फूट खचला, आणि पाणी व माथा यांच्यामध्यें अवघें दोन फुटांचें अंतर उरलें.

येथून पुढची हकीकत माणसांची आहे. ११ जुलैस लष्कराला पाचारण झालें आणि जवान पानशेतला पोंचले. अभियांत्रिकी दलाचें, म्हणजे मुंबई सॅपर्सचें, ठाणें पुण्यालगत खडकीसच आहे. पूल बांधणें, भराव घालणें, पाण्याशीं झुंजणें हें त्या दलाचें पिढीजात काम. अमावास्येच्या आदल्या दिवसाची ती काळोखी रात्र होती, वर धुंवाधार पाऊस होता, आणि पायांखालची जमीन खचत होती. काम मात्र अगदीं साधें, शेतकऱ्याच्या ओळखीचें : पोतें भरावयाचें, तोंड आवळावयाचें, खांद्यावरून न्यावयाचें, खचलेल्या जागीं रचावयाचें, आणि परत फिरावयाचें. अशीं हजारों पोतीं त्या रात्रींत रचलीं गेलीं. भराव खचे तितका पोत्यांचा बांध वर चढे.

या पोत्यांनीं धरण वांचणार नव्हतें. तळांतील मार्ग ढासळल्यावर माथ्यावर कितीहि भर घातली तरी ती खालीं उतरणारच. तरी पोतीं रचलीं जात राहिलीं. मिळवावयाचें होतें तें धरण नव्हे, वेळ होता. आणि वेळ मिळाला. १२ जुलै १९६१, बुधवार, सकाळीं सातच्या सुमारास पानशेतचें धरण फुटलें. तें उजाडल्यावर फुटलें, या एका गोष्टीचें मोल किती, हें समजण्यास दीड वर्ष मागें जाऊन फ्रान्सकडे पाहावें. तेथें मालपासे नांवाचें धरण २ डिसेंबर १९५९ रोजीं रात्रीं नऊनंतर अकस्मात् फुटलें. खालच्या फ्रेझ्यू गांवांत लोक जेवून निजण्याच्या बेतांत होते; चारशेंहून अधिक माणसें मेलीं. फ्रेझ्यू हें लहानसें गांव. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार या पेठा, पुलाची वाडी, डेक्कन जिमखाना, शिवाजीनगर, इतकी दाट वस्ती मध्यरात्रीं झोपेंत सांपडली असती, तर काय झालें असतें याची कल्पनाच पुरे.

पण मिळविलेल्या वेळाचें पुढें काय झालें? पानशेतला जवान पोतीं रचीत होते त्या रात्रीं पुणें शहर झोपलें होतें. धरण धोक्यांत आहे हें ज्यांना ठाऊक होतें त्यांनीं रात्रीं शहराला जागें केलें नाहीं. लोक घाबरतील, पळापळ होईल, कदाचित् धरण टिकेलहि, मग उगाच भीति पसरविल्याचा दोष कोण घेणार, अशा विचारांनीं अधिकाऱ्यांचीं तोंडें बंद होतात. पानशेतपुरतीच ही गोष्ट नाहीं. सकाळीं नदीकाठच्या वस्तींत सूचना फिरल्या, पण त्या ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें ऐंशी वर्षांची सवय उभी होती. नदीला पूर येतो म्हणजे किती येतो, हें त्यांना ठाऊक होतें. पायरीवर पाणी चढलें तर जोत्यापर्यंत येईल. जोत्यापर्यंत आलें तर वस्तु माळ्यावर टाकाव्या. पुष्कळांनीं तेंच केलें. कित्येक तर नित्याप्रमाणें पूर पाहण्यास पुलांवर गेले.

पानशेतचें पाणी आधीं खडकवासल्यांत येऊन आदळलें. ब्याऐंशी वर्षांच्या त्या जुन्या भिंतीनें कांहीं तास दम धरला. पाणी तिच्या माथ्यावरून वाहूं लागलें, आणि त्या वाहून आलेल्या पाण्यानेंच पुण्याचे पूल बुडूं लागले. दुपारीं ती भिंतहि फुटली. मग जें आलें त्याला पूर हा शब्द अपुरा आहे. बंडगार्डनचा पूल सोडल्यास शहरांतील पूल पाण्याखालीं गेले आणि नदीच्या दोन कांठांचीं जणूं दोन शहरें झालीं. लकडी पूल पहिल्यानें बांधला गेला तो १७६१ च्या पानिपतानंतर, असें सांगतात. बरोबर दोनशें वर्षांनीं त्याच्यावर ही पाळी आली. जुन्या पेठांतील वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या आणि विटांच्या. उन्हाळ्यांत त्या घर गार ठेवतात, पण पाण्यांत उभ्या राहिल्या कीं विरघळतात. त्यामुळें पुष्कळ वाडे लाटेनें न पडतां, पाणी उतरूं लागल्यावर, बसल्या जागीं कोसळले. माळ्यावर नेऊन ठेवलेल्या वस्तूंसह माळाहि गेला. मृतांच्या संख्येविषयीं सरकारी आंकडा व लोकांतील आंकडा यांचा मेळ बसत नाहीं. हजारापर्यंतचे अंदाज केले गेले आहेत. घरें हजारोंनीं गेलीं. आणि हें सर्व दिवसाउजेडीं!

दोन वर्षांनीं अमेरिकेंत घडलेली एक गोष्ट या ठिकाणीं ताडून पाहण्याजोगी आहे. लॉस एंजलिस शहरांत टेकडीवर बाल्डविन हिल्स नांवाचा पाण्याचा सांठा होता. १४ डिसेंबर १९६३ रोजीं दुपार होण्यापूर्वीं त्याच्या राखणदाराला पाझरण्याचा वेगळा आवाज आला. त्यानें तो वर कळविला. पोलिसांनीं दारोदार व कर्णे लावून खालची वस्ती रिकामी करविली, आणि दुपारीं साडेतीनच्या पुढें बांध फुटला. शेंकडों घरें गेलीं. माणसें मेलीं तीं पांच. त्या सांठ्यांतील पाणी पानशेतच्या मानानें फार थोडें होतें हें खरें, आणि तुलना फार ताणूं नये हेंहि खरें. तरी तेथें राखणदार, पोलीस व घरचा माणूस यांच्यामध्यें चार तासांत जो निरोप पोंचला, तो पानशेत व पुणें यांच्यामध्यें एका संपूर्ण रात्रींत पोंचला नाहीं. टेलिफोन दोन्हीकडे होते. आकाशवाणीचें पुणें केंद्र १९५३ पासून चालू होतें.

पाणी ओसरल्यावरचें पुणें मात्र वेगळेंच. ज्या शहरानें आदल्या रात्रीं कांहीं केलें नव्हतें, कारण त्याला कोणी कांहीं करण्यास सांगितलेंच नव्हतें, तें शहर कामाला लागलें. तालमींतील पोरें, महाविद्यालयांतील विद्यार्थी, निरनिराळ्या पक्षांचे व पंथांचे स्वयंसेवक घमेलीं-फावडीं घेऊन चिखल उपसूं लागले. ज्यांच्या घरांत पाणी शिरलें नव्हतें त्यांनीं स्वयंपाक करून पाठविला, शाळांतून व देवळांतून निराश्रितांची सोय झाली. मेलेलीं जनावरें उचलणें, कुजलेलें धान्य पुरणें हीं कामें नांवडतीं खरीं. तींहि लोकांनीं केलीं. खडकवासला गेल्यामुळें नळाला पाणी नव्हतें. तेव्हां ज्या आड-विहिरी अडगळ म्हणून झांकून टाकल्या होत्या त्यांचीं झांकणें निघालीं, आणि नानासाहेब पेशव्यांच्या वेळच्या कात्रजच्या नळाची व हौदांची लोकांना पुन्हा आठवण झाली. सैन्य येथेंहि होतेंच. या उत्साहाची तारीफ पुण्यानें नेहमीं केली आहे व ती योग्यच आहे. परंतु हींच माणसें, हेच हात, ११ जुलैच्या संध्याकाळीं हाकेच्या अंतरावर होते. प्रत्येक आळींत दहा पोरें दारावर थाप देत फिरलीं असतीं, म्हाताऱ्यांना व बाळंतिणींना पर्वतीकडच्या किंवा भवानी पेठेच्या उंचवट्यावर नेतीं, तर त्याला पैसा लागणार नव्हता, यंत्र लागणार नव्हतें. लागणार होता तो एक खरा निरोप.

त्या वेळीं महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन चौदा महिने झाले होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारनें चौकशी नेमली. न्यायमूर्ति बावडेकर यांच्याकडे ती सोंपविली होती. काम चालू असतांच त्यांचें निधन झालें, आणि न्यायमूर्ति नाईक यांनीं ती पुरी केली. निराश्रितांसाठीं अर्धगोल पत्र्यांच्या निसन हट उभ्या राहिल्या, मागाहून लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर, दत्तवाडी अशा वस्त्या वाढल्या, आणि पूरग्रस्तांच्या शंभरावर गृहसंस्था निघाल्या. नदीकांठचें पुणें टेकड्यांकडे सरकलें तें तेव्हांपासून. दोन्ही धरणें पुन्हा बांधलीं गेलीं. पानशेतच्या जलाशयास आतां तानाजीसागर म्हणतात.

त्यानंतरच्या काळांत संकटाची आगाऊ वर्दी देण्याचें शास्त्र पुष्कळ पुढें गेलें, आणि त्यांत पुण्याचा वांटा लहान नाहीं. हिंदुस्थानच्या हवामान खात्याची कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली. शिवाजीनगरांतील त्या इमारतीस लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलें, तेव्हां त्याची वर्दी दिवस-दोन दिवस आधीं गांवोगांव पोंचली होती. आपत्तिनिवारण दलाचें एक ठाणें तळेगांवजवळ सुदुंबरें येथें आहे. किनाऱ्यावर तुकड्या आधींच जाऊन बसल्या, कच्च्या घरांतील हजारों माणसें शाळांतून हलविलीं गेलीं, आणि होड्या कांठावर ओढल्या गेल्या. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरें उडालीं, महिना महिना गांवें अंधारांत राहिलीं; प्राणहानि मात्र त्या मानानें फार थोडी झाली. येणाऱ्या संकटापुढें जो निरोप धांवतो त्यानें काय साधतें, तें कोंकणांत त्या दिवशीं दिसलें.

धरणांच्या बाबतींत १९७९ सालीं गुजरातेंत मोरवीचें मच्छु धरण फुटलें आणि हजारों माणसें बुडालीं, तरी कायदा होण्यास फार वर्षें लागलीं. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानें प्रत्येक मोठ्या धरणासाठीं संकटकाळची योजना आंखणें सक्तीचें केलें आहे : पाणी सुटलें तर कोणती वस्ती बुडेल, तिला कोणी व कसें कळवावयाचें, हें आधींच लिहून ठेवावयाचें. म्हणजे ११ जुलैच्या रात्रीं जो कागद कोणाच्याहि हातीं नव्हता, तो कागद आतां कायद्यानें असावाच लागतो.

कागद असला म्हणून दारावर थाप पडतेच असें नाहीं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठा खोऱ्यांत मुसळधार पाऊस झाला आणि खडकवासल्यांतून सोडावयाचें पाणी वाढवावें लागलें. तें सुमारें पस्तीस हजार क्यूसेकपर्यंत गेलें. सिंहगड रस्त्याजवळील एकतानगरींत लोक अंथरुणांत असतांनाच तळमजल्यांत पाणी भरलें. पाणी सोडणार असल्याचें वेळेवर कळलें नाहीं, अशी तेथील रहिवाशांची तक्रार होती. धरण त्या दिवशीं शाबूत होतें, फुटलें कांहीं नव्हतें. अडकलेल्या माणसांना होड्यांतून बाहेर काढण्यासाठीं पुन्हा लष्कराची तुकडी बोलवावी लागली.